पहिले धुवण (रस्त्यांवरील)

पहिले धुवण : दीर्घकाळ कोरड्या राहिलेल्या रस्त्यावर पाऊस पडू लागला, की सुरुवातीच्या अपवाहात (वाहून जाणाऱ्या पाण्यात) धूळ, तेल, धातू व रबर यांचे प्रमाण नंतरच्या पाण्यापेक्षा बरेच जास्त आढळते. अभियंत्यांत या पाण्याला ‘फर्स्ट फ्लश’ म्हणतात. तांदळाच्या पहिल्या धुवणासारखेच हे गढूळ पाणी असल्याने प्रस्तुत नोंदीत ‘पहिले धुवण’ ही संज्ञा योजली आहे.

रस्त्यावरचा मळ वजनाने पाहिला तर बहुतांशी माती आणि खडीचा चुराच असतो. त्याला चिकटून जे येते ते महत्त्वाचे. टायरच्या रबरात वजनाच्या सुमारे १ ते २ टक्के झिंक ऑक्साइड असते. टायर झिजतो तसे जस्त रस्त्यावर उतरते. ब्रेकच्या अस्तरांतून तांबे व अँटिमनी येते. इंजिनातून गळणारे तेल गाडी जिथे थांबते किंवा हळू होते तिथे साचते. म्हणून सिग्नल, बसथांबा व टोलनाका येथे मार्गिकेच्या मधोमध, दोन चाकांच्या वाटांमध्ये, काळपट पट्टा दिसतो. पहिल्या सरीनंतर कडेच्या पाण्यावर जी इंद्रधनुषी साय तरंगते, ती याच तेलाची. तिची जाडी मायक्रोमीटरच्या अंशाइतकीच असते. त्यामुळे थोडेसे तेलही पुष्कळ दिसते. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाल्यावर शिशाचा मोठा स्रोत थांबला, तरी कडेच्या जुन्या मातीत उरलेले शिसे धुळीबरोबर परत येऊ शकते.

या विषयाचा पाया जेम्स सार्टर व गेल बॉइड यांनी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेसाठी केलेल्या १९७२ च्या अहवालाने घातला असे मानतात. त्यांना ४३ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण एकूण वजनाच्या फक्त ५.९ टक्के आढळले, पण जड धातूंचा निम्म्याहून अधिक भाग त्यांच्याशीच निगडित होता. नेहमीची झाडणयंत्रे नेमके हेच बारीक कण मागे ठेवतात. हाताने झाडतानाही कचरा व रेव उचलली जाते, पिठासारखी बारीक धूळ मात्र कडेला सरकते आणि पहिल्या पाण्याबरोबर जाळीतून गटारात उतरते. रस्ता झाडून स्वच्छ दिसला म्हणजे धुवण स्वच्छ येईल, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

साचण्याविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. आठ महिने पाऊस नाही म्हणजे आठ महिन्यांचा मळ साचला, असे होत नाही. पहिल्या काही दिवसांत साठा झपाट्याने वाढतो. पुढे वाहनांचा वारा धूळ जितकी उडवतो तितकीच नवी बसते आणि वाढ मंदावते. व्हेझ व च्यू या संशोधकांनी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील रस्त्यावर केलेल्या प्रयोगांत (२००२) नेहमीची सर साठ्यातला थोडाच भाग नेते आणि बराचसा पृष्ठाला घट्ट धरून राहतो, असे दिसले.

संकल्पनेचा उगम वादग्रस्त आहे. ती मुळात रस्त्यांची नसून संयुक्त गटारांची, म्हणजे सांडपाणी व पावसाचे पाणी एकाच नळातून नेणाऱ्या पद्धतीची असावी, असा एक पक्ष आहे. कोरड्या दिवसांत नळाच्या तळाशी बसलेला गाळ पहिल्या लोंढ्याने उसळतो व तोंडाशी काळे पाणी येते. ते रस्त्याचे म्हणून मोजले गेले. पॅरिसच्या मारे भागातील अभ्यासांनी या पक्षाला बळ दिले : तेथील सेंद्रिय गाळाचा मोठा वाटा नळांतला, तर जस्ताचा छपरांच्या पत्र्यांचा निघाला. दुसरा पक्ष सांगतो, की निव्वळ रस्त्यावरही ही घटना स्वतंत्रपणे घडते. सान्सालोन व बुखबर्गर या संशोधकांनी अमेरिकेतील सिनसिनाटी येथील महामार्गाच्या कडेला घेतलेल्या नमुन्यांत (१९९७) विरघळलेले जस्त, तांबे व कॅडमियम सुरुवातीलाच जास्त आढळले. दोन्ही मते एकाच वेळी खरी असू शकतात. मात्र नळाच्या तोंडाशी घेतलेल्या आकड्यांवरून रस्त्याविषयी बोलताना सावधगिरी हवी.

व्याख्येचा वाद याला जोडूनच आहे. बर्त्रां-क्रायेव्स्की व सहकाऱ्यांनी (१९९८) पहिल्या ३० टक्के पाण्यात किमान ८० टक्के प्रदूषक असावेत अशी कसोटी लावली. तिच्यावर फारच थोड्या सरी उतरतात. उलट शहरातील पावसाच्या अपवाहाचा हिशेब करणाऱ्या एसडब्ल्यूएमएम या संगणकीय प्रतिमानात (१९७१) तासात अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, अपवाह झाल्यास ९० टक्के मळ निघतो असे गृहीत धरले होते. ‘पहिला अर्धा इंच अडवा’ हा सोपा नियम त्याच विचाराच्या जवळचा. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००४ च्या सुमारास मांडलेली ‘हंगामी पहिले धुवण’ ही कल्पना मात्र वेगळी आहे : प्रत्येक सरीची पहिली मिनिटे नव्हे, तर कोरड्या उन्हाळ्यानंतरच्या हंगामातल्या पहिल्या सरी पाहाव्यात. मोसमी पावसाच्या प्रदेशाला हीच दृष्टी अधिक लागू पडते.

या पाण्याने काय होते याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतील सिॲटल परिसराचे. तेथील ओढ्यांत शरद ऋतूतल्या पावसानंतर अंडी घालायला परतलेले कोहो सामन मासे अंडी घालण्यापूर्वीच मरत. अनेक वर्षांच्या शोधानंतर डिसेंबर २०२० मध्ये कारण प्रसिद्ध झाले : ओझोनपासून टायर वाचवण्यासाठी रबरात घालतात त्या सिक्सपीपीडी या रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन बनलेले व रस्त्याच्या पाण्याबरोबर ओढ्यात आलेले क्विनोन नावाच्या प्रकारचे विषारी संयुग. ब्रेकमधील तांब्यावर कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन राज्यांनी २०१० मध्येच कायदे केले होते. टायरमधील या घटकाकडे मात्र तोवर फारसे लक्ष गेले नव्हते.

रस्ता निसरडा होतो तोही याच काळात. धूळ, रबराचे पीठ व तेल यांत थोडे पाणी मिसळले की पातळ राबडी तयार होते. जोराचा पाऊस ती धुऊन नेतो, भुरभुर मात्र कालवून ठेवते. अमेरिकेतील अपघातांच्या अभ्यासात (आयझेनबर्ग, २००४) मागच्या पावसाला जितके दिवस लोटले तितका नव्या पावसाचा धोका जास्त आढळला. काही जण याचे श्रेय तेलाऐवजी चालकांची पावसात गाडी चालवण्याची सवय मोडलेली असण्याला देतात; दुचाकीस्वाराला दोन्ही कारणे एकदमच भेटतात.

महाराष्ट्रात पहिले धुवण दोनदा येते म्हणावे लागेल. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोहोचतो व ऑक्टोबरात परततो. मधले आठ महिने जवळजवळ कोरडे. पुणे, सोलापूरकडे मात्र एप्रिल-मेमध्ये वळीव आधी हात मारतो. वळवाचे थेंब टपोरे, त्यामुळे मळ चांगला सुटतो. पण पाऊस अर्ध्या-पाऊण तासात आटोपल्याने सुटलेला मळ नाल्यापर्यंत जाऊन तिथेच थांबतो. जे नदीत पोहोचते त्याला विरळ करायला मेमधल्या नदीत पाणी नसते. पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईचे मोल म्हणून तारखेवर ठरते : वळवाआधी काढून लांब नेलेला गाळ गेला, काठावर ढीग करून ठेवलेला पहिल्याच सरीत परत नाल्यात उतरतो. छपराच्या पाण्याबाबत मात्र पहिल्या पावसाचे पाणी टाकीत घेऊ नये, हा रिवाज अनेक घरी पाळतात. पन्हळीचा नळ तेवढ्यापुरता बाहेर वळवून ठेवतात.