राउटरचे भोक कुठे पाडावे?

घरात फायबरची जोडणी घ्यायची ठरली की बहुतेक घरांत चर्चा होते ती किती एमबीपीएसचा प्लॅन घ्यावा याची. जोडणीसाठी आलेला माणूस ड्रिल मशीन हातात घेऊन ‘भोक कुठे पाडू?’ असे विचारतो, तेव्हा मात्र ‘पाडा दाराजवळ कुठेही’ असे उत्तर दिले जाते. वास्तविक, राउटर सहसा त्या भोकाजवळच बसतो, म्हणून आतल्या खोलीत मोबाइलवर वेग किती मिळणार, हे पुष्कळदा याच उत्तराने ठरते.

फायबर म्हणजे काचेचा केसासारखा बारीक तंतू. त्यातून 1490 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश घराकडे येतो आणि 1310 नॅनोमीटरचा प्रकाश घराकडून परत जातो. दोन्ही तरंगलांब्या वेगळ्या असल्यामुळे एकाच तंतूतून दोन्ही दिशांची वाहतूक एकमेकींना अडथळा न करता चालते. घरापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाची शक्ती साधारणपणे मिलिवॉटच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते, आणि तेवढी पुरते. हाच तंतू घरात आणखी वीस मीटर आत नेला, तर त्यातील प्रकाश एक टक्कासुद्धा कमी होत नाही. याउलट, वायफायच्या रेडिओ लहरींची निम्म्याहून अधिक शक्ती एकाच जाड भिंतीत संपू शकते. तेव्हा वायर वाचवून भिंती ओलांडण्याचे काम लहरींवर सोपवणे हा उलटा हिशेब आहे. फायबर घराच्या मध्यभागापर्यंत न्यावा आणि राउटर तिथेच बसवावा. फक्त कोपऱ्यावर तो काटकोनात मुडपू नये, कारण तीव्र वळणावर प्रकाश तंतूबाहेर निसटतो.

भिंतीचा मुद्दा खानदेशात विशेष लागू पडतो. अमळनेर, चोपडा, यावल या भागांतील जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती दोन-दोन फूट जाड असतात. उन्हाळ्यात त्या घर गार ठेवतात, पण लहरी शोषतात, आणि पावसाळ्यात भिंतीत ओल धरली की हे शोषण आणखी वाढते, कारण या लहरींना पाणी मोठ्या प्रमाणात गिळते. नव्या स्लॅबच्या घरात सळया आडव्या येतात. पत्रा, लोखंडी कपाट आणि धान्याची कोठी या वस्तू लहरी परतवून लावतात. कूलरमध्ये तर पत्रा आणि पाणी दोन्ही एकत्र असतात, म्हणून राउटर कूलरच्या मागे ठेवणे सर्वांत वाईट. रावेरकडे घरातले वायफाय मळ्यातल्या विहिरीपर्यंत पोहोचावे अशी अपेक्षा काही जण धरतात. मधे केळीची बाग असेल, तर पाण्याने भरलेली ती रुंद पाने ही अपेक्षा पुरी होऊ देत नाहीत.

बहुतेक राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. पहिल्यातील लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते. ती भिंत तुलनेने बरी ओलांडते, पण वेग कमी देते आणि शेजाऱ्यांच्या राउटरांशी तिची गर्दी होते. या पट्ट्यात 1, 6 आणि 11 हे तीनच चॅनल, म्हणजे पट्ट्याचे छोटे भाग, एकमेकांवर न चढता वापरता येतात, त्यामुळे दाट वस्तीच्या गल्लीत त्यांपैकी सर्वांत मोकळा असेल तो निवडावा. 5 गिगाहर्ट्झचा वेग खरोखरच जास्त असतो, मात्र तो राउटर असलेल्या किंवा फार तर लगतच्या खोलीतच अनुभवाला येतो. अँटेना उभा असेल तर लहरी मुख्यतः आडव्या पसरतात. माडीवरही सिग्नल हवा असेल, तर एखादा अँटेना आडवा करून पाहावा.

दुसरा खानदेशी मुद्दा उष्णतेचा. घरगुती राउटर सहसा 40 अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत चालतील असे गृहीत धरून बनवलेले असतात, तर जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहूनही जास्त तापते. अतिउष्णतेत राउटरची चिप स्वतःचा वेग कमी करते, आणि आतल्या कपॅसिटरांचे आयुष्य दर 10 अंश वाढीला साधारण निम्मे होते. त्यामुळे मधल्या खोलीत, छातीएवढ्या उंचीवर, हवा खेळती राहील अशी उघडी फळी ही त्याची योग्य जागा. वर रुमाल किंवा विणलेले झाकण मुळीच घालू नये.

जागा ठरली की उरलेले काम अर्ध्या तासाचे आहे. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा राउटरच्या तळाशी छापलेला पत्ता टाकला की त्याचे सेटिंग उघडते. हाच पत्ता लाखो घरांत असूनही गोंधळ होत नाही, कारण ‘मधली खोली’ जशी जळगावच्या वाड्यातही असते आणि धुळ्याच्या वाड्यातही, तसा हा पत्ता केवळ घरापुरता असतो. बाहेरच्या जगाला तो दिसत नाही. येथे दोन पासवर्ड असतात: एक वायफायचा, दुसरा सेटिंग उघडण्याचा. लोक पहिला बदलतात आणि दुसरा तसाच ठेवतात. 2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातील असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, म्हणून दुसरा पासवर्ड बदलणे अधिक निकडीचे. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए3 ही वायफायच्या संरक्षणाची नवी पद्धत निवडावी. जुने मोबाइल जोडले जात नसतील, तर आधीची डब्ल्यूपीए2 चालेल. डब्ल्यूपीएस ही बटण दाबून जोडण्याची सोय बंद ठेवावी.

राहता राहिली वीज. घरगुती फायबर जोडण्यांत प्रकाश अनेक घरांना वाटून देणारे रस्त्यावरचे स्प्लिटर बहुधा विजेविना चालतात. गावाची वीज गेली तरी कंपनीच्या केंद्रात बॅकअप असेल आणि घरातला राउटर, तसेच फायबरमधला प्रकाश विजेच्या संकेतांत बदलणारे यंत्र वेगळे असल्यास तेही, छोट्या डीसी यूपीएसवर (बॅटरीच्या डब्यावर) असेल, तर इंटरनेट चालू राहते. असा यूपीएस घेताना अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्यावेत.