शेडकार्डाच्या आधी: घराच्या बाहेरच्या रंगजोड्यांची पार्श्वभूमी

घराला बाहेरून रंग काढायचं ठरलं की शेडकार्ड हातात येतं आणि घरात दोन पक्ष पडतात. अंगठ्याच्या नखाएवढ्या चौकोनात जी पिवळसर छटा अगदी सोज्वळ वाटली होती, ती मी एकदा अख्ख्या दर्शनी भिंतीवर मारून घेतली. पहिला हात वाळला, दुपारचं ऊन पडलं आणि भिंतीकडे बघवेना. रंगाऱ्याने काहीच चुकवलं नव्हतं. डब्यावरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर एकच होता. नखाएवढ्या तुकड्यावरचा रंग मोठ्या भिंतीवर जास्त उजळ आणि जास्त भडक दिसतो, एवढंच मला ठाऊक नव्हतं.

इतक्या लहान तुकड्यावरून एवढा मोठा निर्णय घ्यायची वेळ घरमालकावर यायला लागून जेमतेम दीडशे वर्षं झाली. त्याआधी बहुतेकांना हा प्रश्न पडतच नव्हता, कारण निवडायला फारसं काही नव्हतंच. आज आपण ज्यांना ‘शोभणाऱ्या जोड्या’ म्हणतो त्यातल्या बऱ्याचशा त्या टंचाईतून आल्या आहेत.

सुरुवात चुन्यापासून करावी लागते. चुनखडी भाजायची, पाण्यात विरवायची, पातळ करून भिंतीला फासायची. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो चुना पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे भिंतीवर दगडाचाच एक पातळ पापुद्रा चढतो. यात शोभा हा मूळ हेतू नव्हता, भिंत टिकवणं हा होता. वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसला १७९८ साली पहिल्यांदा चुन्याचा हात दिला तो सच्छिद्र वालुकाश्मात पाणी मुरून, थंडीत गोठून दगड फुटू नये म्हणून. तो पांढरेपणा पुढे ओळख झाला, नाव झाला.

चुन्यात रंग मिसळायचा तर आणखी एक अडचण होती. चुना अल्कधर्मी असतो आणि बरेचसे रंग त्यात टिकत नाहीत. १८व्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये प्रशियन ब्लू सापडला, चित्रकारांनी तो उचलून धरला, पण ओल्या चुन्यात तो विघटन पावून तपकिरी पडतो. क्रोम यलोचीही तीच गत. चुन्यात निर्धास्त राहतात ते मातीतले रंग: गेरू, पिवडी, अंबर (तपकिरी माती), हिरवी माती आणि जोडीला काजळी. गंमत अशी की यातले पहिले दोन सख्खे भाऊच आहेत. पिवडी म्हणजे पाणी धरून बसलेलं लोहाचं ऑक्साइड. ती भट्टीत भाजली की पाणी उडून जातं आणि तांबडा रंग उरतो. पिवळी भिंत आणि खाली तांबडा पट्टा ही जोडी इतक्या ठिकाणी, इतक्या शतकांत दिसते ती काही एकाने दुसऱ्याचं पाहून केलेली नाही. माती एकच, त्यातली अर्धी आगीतून आलेली. डोळ्याला ती जुळलेली वाटते, आणि ती खरोखरच जुळलेली असते.

निळ्या चुन्याच्या भिंती सर्रास दिसू लागल्या त्या मात्र बऱ्याच उशिरा. लाजवर्दी दगड कुटून काढलेला अल्ट्रामरीन सोन्याच्या तोलाचा होता. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये झां-बाप्तिस्त गिमेने तो कृत्रिमरीत्या तयार केला, भाव कोसळला आणि हा निळा चुन्यात टिकतोही. मग तो भिंतीवर आला.

लाकडी घरांची कहाणी वेगळी आहे आणि तिचं सगळ्यात चोख उदाहरण स्वीडनमध्ये सापडतं. फालूनच्या तांब्याच्या खाणीतून जो टाकाऊ चुरा निघे त्यात लोहाची ऑक्साइडं आणि सिलिका भरपूर असे. तो भाजून, दळून, पाणी, राईचं पीठ आणि जवसाचं तेल यांत शिजवला की गडद तांबडा रंग तयार होई. सुरुवातीला तो श्रीमंतांनी वापरला, कारण लाकडाचं घर दुरून विटांचं भासे आणि विटा म्हणजे मोठेपणा. १७६४ पासून फालूनला हा रंग नियमितपणे बनतो आहे. पुढे तो स्वस्त झाला, शेतघरांवर आला आणि कोपऱ्यांच्या पट्ट्या नि खिडक्यांच्या चौकटी पांढऱ्या ठेवण्याची पद्धत रूढ झाली. जवळून पाहिलं तर या रंगाला चकाकी नसते, हात फिरवला तर बोटाला किंचित लागतो. त्याचे पोपडे निघत नाहीत, तो हळूहळू झडतो. म्हणून नवा हात द्यायच्या आधी खरवडायची फारशी कटकट नाही. शेजारच्या नॉर्वेत पांढरा रंग सगळ्यात महाग असे, तेव्हा रस्त्याकडची बाजू पांढरी आणि मागची तांबडी रंगवायची, असं सांगतात. दर्शनी भिंतीला चांगला रंग आणि मागे उरलासुरला, ही युक्ती अजून कुणी सोडलेली नाही.

पांढरा महाग का? कारण तेलात चांगला पांढरा हवा तर शिसं लागे. सफेता, म्हणजे शिशाचं क्षारीय कार्बोनेट, जवसाच्या तेलाबरोबर बळकट आणि लवचीक थर देतो. रंगारी त्याची घट्ट लगदी आणून, तेल घालून, हाताने घोटून कामावरच रंग बनवत. छटा डोळ्याच्या अंदाजाने. सकाळी बनवलेला रंग दुपारी संपला की दुसरा घाणा तंतोतंत जुळेलच याची हमी नसे. रंगारी विषबाधेने आजारी पडत हेही माहीत होतं. पॅरिसच्या ल्क्लेर नावाच्या कंत्राटदाराने १८४० च्या दशकात जस्ताचा पांढरा बाजारात आणला तो बऱ्याच अंशी याच कारणाने. घरांच्या आतल्या रंगकामात सफेता वापरू नये असा आंतरराष्ट्रीय करार १९२१ साली झाला, अमेरिकेत घरगुती रंगांतून शिसं हद्दपार व्हायला १९७८ उजाडलं.

त्या पांढऱ्यामागे एक गैरसमजही होता. १८व्या शतकात प्राचीन ग्रीकांचं वेड युरोपात पसरलं आणि जमिनीतून निघणारी देवळं, पुतळे पांढरेशुभ्र दिसले. ते मुळात तांबड्या, निळ्या, पिवळ्या रंगांनी रंगवलेले होते आणि रंग उडून गेला होता, हे जाक इन्यास हितोर्फसारखे वास्तुतज्ज्ञ १८२० च्या दशकापासून पुराव्यानिशी सांगू लागले, पण तोवर पांढऱ्या खांबांची घरं रुजली होती. अमेरिकेत तर पांढरं घर आणि खिडक्यांना हिरव्या झडपा हा जणू गणवेशच झाला. उडालेल्या रंगाचं अनुकरण करून अख्खी गावं रंगवली गेली, याइतकी मजेशीर गोष्ट या इतिहासात दुसरी नाही.

या गणवेशावर तुटून पडला तो अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग. हा मूळचा बागा-वृक्षांतला माणूस. १८४२ साली छापलेल्या घरांच्या नमुन्यांच्या पुस्तकात त्याने पांढऱ्याला झगमगीत आणि भोवतालाशी फटकून राहणारा ठरवलं. माती, खडक, झाडाची साल यांच्या छटा घ्या, असं त्याचं म्हणणं, आणि सोबत हाताने रंगवलेल्या छटांचं एक पान. शेडकार्डाचा पूर्वज म्हणायला हरकत नाही. चौकटी भिंतीहून थोड्या गडद किंवा थोड्या फिक्या ठेवाव्यात, एकदम विरुद्ध नकोत, हा आजही दिला जाणारा सल्ला त्याच काळातला.

सल्ला होता, पण रंग अजून हातानेच घोटावा लागत होता. ते बदललं १८६७ साली. ओहायोच्या डी. आर. अॅव्हरिल यांनी तयार मिसळलेल्या रंगाचं पेटंट घेतलं. १८७७ साली शर्विन-विल्यम्सने पुन्हा घट्ट बंद होणाऱ्या डब्याचं पेटंट घेतलं. हा डबा वाटतो किरकोळ, पण त्यामुळेच उरलेला रंग वाळून न जाता टिकू लागला, रेल्वेने शेकडो मैल जाऊ लागला, आणि घरमालक रंगाऱ्याच्या हातातल्या बादलीऐवजी छापील पत्रकाकडे बघू लागला. कंपन्या खऱ्या रंगाचे छोटे तुकडे चिकटवलेली कार्डं वाटू लागल्या. विकायचं तर एका डब्यापेक्षा तीन डबे विकलेले बरे. भिंतीला एक, चौकटी-कंगोऱ्यांना दुसरा, खिडकीच्या फळ्यांना तिसरा, अशी विभागणी या जाहिरातींनी घट्ट केली. भिंत, कड आणि ठसा (उठावाचा रंग) ही जी तिहेरी वाटणी आज वास्तुशास्त्राचा नियम असल्यासारखी सांगितली जाते, तिच्यात सौंदर्यदृष्टी किती आणि विक्री किती, याबद्दल मला शंका आहे. यंत्रावर कापलेली लाकडी नक्षी त्याच काळात स्वस्त झाल्याने रंगवायला कडाही पुष्कळ होत्या. व्हिक्टोरियन घरं चार-चार, पाच-पाच गडद रंगांत न्हाली. मग १८९३ चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन भरलं, तिथल्या पांढऱ्या इमारतींना लोकांनी ‘शुभ्र नगरी’ म्हटलं आणि पांढरा पुन्हा परतला.

जोड्यांचं शास्त्र मात्र घरांवर नाही, गालिच्यांवर जन्मलं. मिशेल-यूजीन शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लाँ या गालिच्यांच्या कारखान्यात रंगाई बघत असे. तक्रार आली, काळा धागा काळा दिसत नाही. त्याने तपासलं तर धागा ठीक होता, शेजारचा निळा-जांभळा त्याला फिकं पाडत होता. १८३९ साली त्याने यावर जाडजूड ग्रंथच लिहिला. घरावर हे रोज दिसतं. लाल विटेला लागून राखाडी मारा, राखाडीत हिरवट झाक येते. क्रीम भिंतीला बर्फासारखी पांढरी चौकट द्या, क्रीम मळकट वाटायला लागतो, आणि लोक रंगाऱ्याला दोष देतात. म्हणूनच छत, फरशी, दगड, विटा यांच्यासारख्या न बदलणाऱ्या गोष्टी आधी पाहाव्यात. त्याही त्या जोडीतले रंगच आहेत, त्यांचं शेडकार्ड नसतं एवढंच.

विसाव्या शतकात रंगाकडून एक नवं काम करून घ्यायला सुरुवात झाली. बर्लिनजवळच्या फाल्केनबेर्गमध्ये १९१३ ते १९१६ या काळात वास्तुतज्ज्ञ ब्रुनो टाउटने साध्या कामगारांसाठी घरं बांधली आणि ती लाल, निळी, पिवळी, काळी अशी रंगवली. लोकांनी वसाहतीचं नाव ठेवलं ‘रंगपेटी’. २००८ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. टाउटचा हिशेब सरळ होता: नक्षी आणि पुतळ्यांना पैसा लागतो, रंगाला तेवढा लागत नाही. वास्तुतज्ज्ञ ल कोर्ब्युझिएने फ्रान्समध्ये बोर्दोजवळ पेसाक इथे १९२०च्या दशकात याहून धीट प्रयोग केला. निळी भिंत मागे सरकल्यासारखी वाटते, फिकी हिरवी झाडीत मिसळते, तपकिरी जागेवर ठाम राहते, या समजुतीवर त्याने दाटीवाटीची घरं रंगाने मोकळी करून दाखवली. राहायला आलेल्यांनी पुढे खिडक्या बदलल्या, रंगही बदलले. घर शेवटी राहणाऱ्याचं.

याच्या उलट बाजूला, एकेका घराऐवजी अख्ख्या गावाचा विचार करणारे होते. इटलीतल्या तोरिनोमध्ये १९व्या शतकाच्या पूर्वार्धात रस्त्यांनुसार रंग ठरवणारी योजना होती. ती विस्मरणात गेली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस जिओव्हानी ब्रिनो यांनी जुन्या नोंदींवरून ती पुन्हा उभी केली. फ्रान्सच्या झां-फिलिप लांक्लो यांनी १९६० च्या दशकापासून गावोगाव फिरून माती, दगडाचे तुकडे, भिंतींचे पोपडे, दाराच्या रंगाचे कपचे गोळा केले आणि प्रत्येक जागेचा रंगपट मांडला. आर्क्टिकमधल्या लाँगइयरब्येनसाठी ग्रेटे स्मेदाल यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून रंगयोजना आखली. तिथे महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही, आणि तो उगवतो तेव्हा भोवती बर्फ. रंग निवडताना प्रकाश आधी पाहायचा, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

आजचं शेडकार्ड शक्य झालं ते दोन गोष्टींमुळे. एक, टायटॅनियम डायऑक्साइड, ज्याचं व्यापारी उत्पादन १९१६ च्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिकेत सुरू झालं. शिशासारखं विषारी नाही आणि झाकण्याची ताकद जबरदस्त. दुसरी, पाण्यातलं अॅक्रिलिक. १९५३ साली रोम अँड हास कंपनीने निव्वळ अॅक्रिलिकचं इमल्शन रंगांसाठी आणलं. बाहेरच्या भिंतीवर ऊन झेलूनही ते पिवळं पडत नाही. त्यानंतर टिंटिंग मशीन आलं. दुकानात हजार डबे ठेवायची गरज उरली नाही. तीन-चार बेस (ज्यात रंगद्रव्य मिसळायचं तो मूळ रंग) आणि डझनभर रंगद्रव्यं, बाकी सगळं थेंबांचं गणित.

इथे एक गोष्ट कार्डावर लिहिलेली नसते. फिक्या छटेच्या बेसमध्ये पांढरं टायटॅनियम भरपूर असतं, म्हणून ती दोन हातांत जुनी भिंत झाकते. भडक लाल किंवा गर्द पिवळा ज्या बेसमध्ये बनतो तो जवळजवळ पारदर्शक असतो. तीन हात मारूनही खालचं डोकावतं आणि रंगारी उगाच बोलणी खातो. टिकण्याचंही तसंच. लोहाच्या ऑक्साइडचे तांबडे-पिवळे अजूनही सगळ्यात चिवट, कारण ते आधीच गंजलेले आहेत, ऊन त्यांचं आणखी काय करणार! झगझगीत सेंद्रिय लाल, पिवळे, जांभळे दक्षिण-पश्चिमेच्या उन्हात आधी विटतात. गडद भिंत तापतेही जास्त, थर ताणला जातो, आखडतो, आणि कपारीपासून पोपडे सुटतात. गेरू आणि पिवडीच्या त्या जुन्या, मर्यादित पटात हे प्रश्न फारसे येत नव्हते.

माझी पिवळी भिंत शेवटी राखाडी झाक असलेल्या दोन छटा खालच्या रंगाने झाकली. या वेळी आधी दोन हात लांब-रुंद पट्टा भिंतीवरच मारला, एक पूर्वेला, एक पश्चिमेला, आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाहिला. डब्याच्या झाकणावर मशीनने चिकटवलेली पट्टी असते, कोणत्या बेसमध्ये कोणत्या द्रव्याचे किती माप. ती मी जपून ठेवली. चार वर्षांनी एका कोपऱ्याला ओल आली, तेव्हा त्याच मापाने नवा डबा बनवून आणला. डब्यातला रंग हुबेहूब तोच होता. भिंत तेवढी बदलली होती, आणि कोपरा ठिगळासारखा उठून दिसला.