स्वसंरक्षणाचा हक्क, वाजवी भीती आणि मराठवाड्यातली बंदूक

मे २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगरलगत वाळूजच्या बजाजनगरात एका उद्योजकाच्या बंगल्यावर दरोडा पडला. किलोंच्या मापात सोनं-चांदी गेली. पुढच्या काही दिवसांतच या प्रकरणातला एक संशयित पोलिसांच्या गोळीनं ठार झाला. त्यानं आधी हल्ला केला, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, असं पोलिसांनी सांगितलं. नातेवाइकांनी चकमकीवरच संशय घेतला. मग नेहमीचे दोन तट पडले. ‘असल्यांना हीच भाषा कळते’ म्हणणारे एकीकडे, ‘मग कोर्टं कशाला ठेवलीत’ म्हणणारे दुसरीकडे. या वादावादीत पोलिसाची गोळी, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, झोपलेल्या शेतकऱ्यानं उगारलेली कुऱ्हाड आणि बांधावरून भावकीत झालेला गोळीबार, सगळं एकाच पोत्यात भरलं जातं. तिन्हींना लागणारी कलमं बव्हंशी तीच आहेत. पण ती कशासाठी लिहिली गेली आणि पुढे कशी वापरली गेली, हे पाहिल्याशिवाय या वादातलं काहीच नीट उलगडत नाही.

स्वसंरक्षणाचा हक्क आपल्या कायद्यात नव्यानं आलेला नाही. थॉमस मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगानं १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा तयार केला. तो १८६० मध्ये मंजूर झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. ठग-दरोडेखोरांच्या टोळ्यांपुढे इथली माणसं मुकाट मान तुकवतात, तेव्हा या हक्काला बंधनं घालत बसण्यापेक्षा लोकांना प्रतिकाराचं बळ द्यावं, असा त्या मसुद्यामागचा विचार होता. त्यात साहेबाची तुच्छता होती, हे उघड आहे. पण परिणाम असा झाला, की कलम ९६ ते १०६ मधून आपल्याला बऱ्यापैकी ऐसपैस हक्क मिळाला. स्वतःच्या जिवासाठी, दुसऱ्याच्या जिवासाठी आणि मालमत्तेसाठीसुद्धा. आधी पळून जाण्याचा प्रयत्न केलाच पाहिजे, असं या कलमांत कुठेही म्हटलेलं नाही.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबाद संस्थानाची दंडसंहिता वेगळी होती, तिचा साचा मात्र ब्रिटिश हिंदुस्थानातल्या संहितेचाच. कोर्टाची भाषा उर्दू, गावात वसुलीला माली पटेल आणि बंदोबस्ताला पोलिस पटेल. रझाकारांच्या काळात हा सगळा डोलारा गावकऱ्यांच्या अंगावर उलटला. ज्यांनी राखण करायची, त्यांचीच भीती. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर संस्थान भारतात आलं आणि १ एप्रिल १९५१ पासून भारतीय दंडसंहिता इथे लागू झाली. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी सांगणाऱ्या घरांमध्ये ‘सरकार वेळेवर येत नसतं, आपलं आपणच पाहावं लागतं’ हे वाक्य आजही सहज निघतं. ते वाक्य अनुभवातून आलेलं आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

आता कायदा नेमकं काय देतो, ते पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ही कलमं ३४ ते ४४ अशी आली. कलम ३८ मध्ये सात प्रसंग दिलेत, ज्यांत हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो : मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची भीती, बलात्काराचा हल्ला, अपहरण वगैरे. ॲसिडहल्ल्याचा सातवा प्रसंग २०१३ च्या दुरुस्तीनं जोडला गेला. मालमत्तेसाठी कलम ४१ आहे. त्यात जबरी चोरी येते, राहत्या घराला आग लावणं येतं आणि रात्रीची घरफोडी येते. जुन्या कलमात नुसतं ‘रात्री’ होतं, आता कलमातच ‘सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी’ असं लिहिलंय.

हे शेतवस्तीवर लावून पाहा. गावापासून दोन-तीन किलोमीटर आत पत्र्याची दोन खोल्यांची वस्ती, बाहेर गोठा, रात्री दोनला कडी उचकटल्याचा आवाज, आत म्हातारी आणि लेकरं. दार मोडून चौघं आत शिरले आणि घरातल्या माणसानं हाताला लागेल त्यानं वार केला, त्यात एक मेला, तर कायदा त्या माणसाच्या बाजूनं उभा राहतो. पण तेच चौघं गळ्यातलं ओरबाडून उसाच्या फडाकडे पळत सुटले आणि घरातल्यानं मागून छर्ऱ्याची बंदूक झाडली, तर चित्र पालटतं. घरफोडीविरुद्धचा जीव घेण्यापर्यंतचा हक्क घरातली घुसखोरी चालू असेपर्यंतच टिकतो. चोर बाहेर पडला, पाठ फिरवली, की तो संपतो. मग शवविच्छेदन अहवालात छर्रे पाठीत शिरलेत की छातीत, कातडीवर जवळून झाडल्याच्या भाजल्या-काळपटलेल्या खुणा आहेत का, आरोपीच्या अंगावर जखमा आहेत का आणि त्या त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नोंदवल्या गेल्या का, यावर सगळा खटला फिरतो. घाबरलेला माणूस स्वतःच्या हातावरचा वार पदरानं बांधून घरीच बसतो आणि पुढे ती जखमच त्याचा सर्वांत मोठा पुरावा होती हे वकील सांगतो, तोवर ती भरून आलेली असते.

कलम ३७ च्या दोन अटी या सगळ्यावर आहेत. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. सद्भावनेनं पण मर्यादा ओलांडली गेली, तर तो खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. शिक्षेत फार फरक पडतो.

या वादात अमेरिकेचा दाखला हटकून येतो, तोही अर्धवट. फ्लोरिडा राज्यानं २००५ मध्ये कायदा केला, की जिथे असण्याचा आपल्याला अधिकार आहे तिथे हल्ला झाला तर मागे हटायची गरज नाही. त्यातला खरा कळीचा भाग वेगळाच होता : असं बळ वापरणाऱ्याला अटक आणि खटला यांपासूनच संरक्षण. २६ फेब्रुवारी २०१२ ला सॅनफर्डमध्ये ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा दुकानातून खाऊच्या गोळ्या आणि थंड पेय घेऊन परतत होता. वस्तीत स्वयंसेवक म्हणून पहारा देणारा जॉर्ज झिमरमन त्याच्या मागे गेला, झटापट झाली आणि त्यानं मुलाला गोळी घातली. अटक व्हायला सहा आठवड्यांहून जास्त काळ गेला, तीही देशभर निदर्शनं झाल्यावर. जुलै २०१३ मध्ये तो निर्दोष सुटला. त्याच्या वकिलांनी नव्या कायद्यातलं खटल्याआधीचं संरक्षण मागितलंच नाही, साध्या स्वसंरक्षणावर खटला लढवला. तरी ‘मागे हटायची गरज नाही’ हे ज्यूरीला दिलेल्या सूचनांत होतंच. झटापटीचा दुसरा साक्षीदार मेलेला होता.

भारतात असं आगाऊ संरक्षण नाही. गुन्हा आधी दाखल होतो, आता न्याय संहितेतल्या खुनाच्या कलम १०३ खाली, अटकही होते, आणि स्वसंरक्षण होतं की नाही हे बहुतेक वेळा खटल्यातच ठरतं. यात निरपराध माणूस वर्षानुवर्षं रगडला जातो, हे मान्य. पण मेलेल्या माणसाच्या बाजूनं कुणीतरी प्रश्न विचारतो, ही सोय मला फार मोलाची वाटते.

आपल्या वस्त्यांना जवळचं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. नॉरफोक परगण्यात आडबाजूच्या घरात एकटा राहणारा शेतकरी टोनी मार्टिन. त्याच्या तक्रारीनुसार घरी वारंवार चोऱ्या झालेल्या, पोलिसांवरचा विश्वास उडालेला. ऑगस्ट १९९९ मध्ये रात्री दोघं घरात शिरले. त्यानं विनापरवाना शॉटगन झाडली. एक सोळा वर्षांचा मुलगा मेला, त्याला छर्रे पाठीतून लागले होते. एप्रिल २००० मध्ये खुनासाठी जन्मठेप झाली. पुढे २००१ मध्ये अपिलात ती सदोष मनुष्यवधावर आली, आणि तीही त्याच्या मानसिक अवस्थेमुळे, स्वसंरक्षण मान्य झालं म्हणून नव्हे. अर्धा देश शेतकऱ्याच्या बाजूनं, अर्धा त्या पोराच्या. २०१३ मध्ये तिथल्या कायद्यानं घरमालकाला थोडी मोकळीक दिली, पण ‘ढळढळीतपणे अवाजवी’ बळ तेव्हाही माफ केलं नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं या विषयातली तत्त्वं एका ठिकाणी मांडली ती जानेवारी २०१० मध्ये, पंजाबातल्या एका खटल्यात. वाद शेतीचा, दोन्ही बाजू एकाच घरातल्या. म्हाताऱ्या बापावर धारदार हत्यारानं वार झाला आणि मुलानं परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली. सत्र न्यायालयानं सोडलं, उच्च न्यायालयानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. न्यायमूर्ती दलवीर भंडारी यांनी लिहिलेल्या या निकालात म्हटलंय, की संकटात सापडलेल्या माणसानं बळ अगदी तराजूत तोलून वापरावं अशी अपेक्षा ठेवता येत नाही. धोका प्रत्यक्षात असायलाच हवा असंही नाही, वाजवी भीती पुरेशी आहे. आरोपीला हे संशयातीत सिद्ध करावं लागत नाही, तसं घडल्याची शक्यता जास्त आहे एवढं दाखवलं तरी चालतं. घनसावंगीपासून देगलूरपर्यंत बांधाच्या भांडणात दोन्हीकडून परस्परविरोधी तक्रारी दाखल होतात, तेव्हा बचावाचे वकील याच तत्त्वांचा आधार घेतात. फक्त दोन्ही बाजू लढायच्या तयारीनंच आल्या असतील, तर सहसा कुणालाच हा हक्क मिळत नाही.

माझं मन अडकतं ते ‘वाजवी भीती’पाशी. कुणाची भीती वाजवी धरायची आणि कुणाबद्दलची? फ्लोरिडात प्रश्न वंशाचा होता. आपल्याकडे तो जातीचा आणि जमातीचा आहे. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण पारधी माणूस रात्री रस्त्यावर दिसला की अंगावर येणारा संशय गेला नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं भटक्या समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. त्या जमावालाही आपण गावाचं रक्षण करतोय असंच वाटत होतं. चोर आल्याच्या अफवा मराठवाड्यातही दर काही वर्षांनी उठतात, तरुण काठ्या घेऊन गस्त घालतात, आणि पालावर राहणारी कुटुंबं तेवढ्या रात्री जीव मुठीत धरून काढतात. स्वसंरक्षणाची सर्वांत जास्त गरज त्या रात्री त्यांना असते, आणि त्यांच्या हक्काबद्दल कुणी बोलत नाही.

पोलिसांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०१४ ला सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या. तो खटलाही मुंबईतल्या चकमकींवरूनच उभा राहिला होता. गुन्हा नोंदवा, तपास दुसऱ्या ठाण्याकडे किंवा सीआयडीकडे द्या, दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी करून घ्या. बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ ला, बदलापूरच्या शाळकरी मुलींवरील अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलिस गाडीतच गोळीनं मेला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत स्वसंरक्षणाचा दावा टिकला नाही आणि एप्रिल २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं विशेष तपास पथक नेमायला सांगितलं. ज्याच्यावर अत्यंत घृणास्पद आरोप होता, त्याच्याही मृत्यूची चौकशी व्हावी लागते, हे त्या वेळी पेढे वाटणाऱ्यांना पटवणं अवघड होतं. तरी ते बोललंच पाहिजे.

राहिला बंदुकीचा प्रश्न. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना मागायची सामान्य माणसाची कारणं बहुतेक वेळा दोनच, जिवाला धोका किंवा पीक संरक्षण. रानडुकरं-रोह्यांसाठी ठासणीच्या किंवा बारा बोअरच्या बंदुका पूर्वीपासून गावोगाव होत्या. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, अहवाल पोलिसांचा. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. तो गोळीनं झालेला नव्हता, पण त्या संतापातून बीड जिल्ह्यातले शस्त्रपरवाने उजेडात आले. एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक. हवेत गोळीबार करतानाचे, कमरेला पिस्तूल लावून मिरवतानाचे व्हिडिओ आले. गुन्हे दाखल असलेल्यांकडेही परवाने निघाले. प्रशासनानं मग टप्प्याटप्प्यानं परवाने रद्द करायला घेतले.

आखाड्यावर राहणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावावर यांतले किती परवाने असतील, हे कुणीही ओळखावं. त्याच्याकडे काठी, विळा, कुत्रं आणि ११२ नंबर, रेंज असली तर. पोलिसांना कळवायला वेळ होता का, हा कलम ३७ मधला प्रश्न त्याला कोर्टात विचारला जातो. म्हणून ठाण्यापासून त्याच्या वस्तीला गाडी पोचायला किती वेळ लागतो, याची नोंद ठाण्याच्या दप्तरात असावी आणि ती खटल्यात पुरावा म्हणून मागवली जावी. परवानाधारकांची कारणांसह तालुकावार यादीही जिल्हाधिकारी कार्यालयानं दरवर्षी लावावी.

१ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना अजून जुनीच कलमं लागतात. त्यामुळे अंबाजोगाईच्या सत्र न्यायालयापासून १९८१ पासून बसणाऱ्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत पुढची काही वर्षं ९६ ते १०६ आणि ३४ ते ४४ हे दोन्ही आकडे एकाच दिवशीच्या बोर्डावर ऐकू येत राहतील.