स्कॅनरमध्ये फ्रिक्वेन्सी 'सेव्ह' करणं आधी काय प्रकरण होतं

स्कॅनर म्हणजे पोलीस, फायर, विमानं यांचं रेडिओवरचं बोलणं शोधून ऐकवणारा सेट. आज हातातल्या स्कॅनरवर मॅन्युअल दाबायचं, चॅनल नंबर (म्हणजे मेमरीतली जागा) टाकायचा, परत मॅन्युअल, मग 155.010 (मेगाहर्ट्झ) वगैरे आणि शेवटी ई चं बटण, झालं स्टोअर. पण ही सोय यायला बराच काळ गेला आणि ही सगळी गोष्ट मुख्यतः अमेरिकेतली आहे.

1928 ला डेट्रॉइट पोलिसांनी गाड्यांना रेडिओवरून निरोप द्यायला सुरुवात केली, तेही एकतर्फी, म्हणजे गाडीतून उलट बोलता यायचं नाही. मीडियम वेव्हच्या जरा वरच चालायचं ते, त्यामुळे घरचा रेडिओ थोडा पुढे सरकवला की लोकांना पोलिसांचे कॉल ऐकू यायचे. पुढे पोलीस व्हीएचएफ (बऱ्याच वरच्या फ्रिक्वेन्सी) आणि एफएमवर गेले आणि साध्या रेडिओवरची फुकटची मजा संपली.

मग आले क्रिस्टलवाले स्कॅनर, साठच्या दशकाच्या शेवटी. चार किंवा आठ खाचा, एका खाचेत एक क्रिस्टल (ठराविक फ्रिक्वेन्सीवर कंप पावणारा क्वार्ट्झचा तुकडा), म्हणजे एक फ्रिक्वेन्सी. म्हणजे मेमरी अक्षरशः विकत आणून खोचायची! आणि क्रिस्टलवर स्टेशनची फ्रिक्वेन्सी नसायचीच, आधी त्यातून सेटची 10.7 मेगाहर्ट्झची आयएफ (सेटच्या आतली मधली फ्रिक्वेन्सी) वजा करायची, मग बऱ्याच सेटमध्ये तीनने भागायचं, तेव्हा 155.010 साठी 48.1033 चं क्रिस्टल. चुकीचं मागवलं तर पैसे पाण्यात. पोलिसांनी फ्रिक्वेन्सी बदलली की परत खरेदी.

मधल्या काळातले उपाय तर गमतीशीरच. रिजन्सी कंपनीच्या व्हॅमो-10 स्कॅनरला कंगव्यासारखी पट्टी यायची, तिचे ठराविक दात मोडले की ती फ्रिक्वेन्सी लागली, चुकीचा दात मोडला तर बसा बोंबलत. बेअरकॅट 101 या स्कॅनरला कोडबुकात बघून स्विच वरखाली करावे लागायचे. खरी सुटका सिंथेसायझरने केली, एकच क्रिस्टल संदर्भाला आणि बाकीच्या फ्रिक्वेन्सी सर्किट स्वतः तयार करतं. 1977 च्या सुमारास बेअरकॅट 210 कीपॅड घेऊन आला, ऐंशीच्या सुरुवातीला बेअरकॅट 100 ने तीच सोय हातात मावेल अशी दिली, 16 चॅनलसह. पुढे 20 चॅनलच्या 10 बँका (चॅनलचे गट), म्हणजे 200 चॅनल. बँका मला फार हुशारीची कल्पना वाटते, फायर एकीत, विमानं दुसरीत, नको ती बँक बंद. तेच एखादं चॅनल नुसतं कटकट करत असेल तर लॉकआउट, म्हणजे स्कॅनर ते वगळून पुढे जातो.

तेवढ्यात मोबाइल फोन आले, 1983 पासून, ॲनालॉग, कसलंही एन्क्रिप्शन (बोलणं सांकेतिक करणं) नाही, आणि स्कॅनरवर लोकांची घरगुती भांडणंसुद्धा ऐकू यायला लागली. 1986 मध्ये असं ऐकणं बेकायदा झालं, पण कोणी थांबलं नाही, मग एप्रिल 1994 नंतर बनणाऱ्या सेटमधून मोबाइलच्या फ्रिक्वेन्सीचा पट्टाच वगळायला लावला. तरी डिसेंबर 1996 मध्ये फ्लोरिडात एका जोडप्याने अमेरिकी प्रतिनिधीगृहाचे तेव्हाचे अध्यक्ष न्यूट गिंग्रिच यांचा कॉन्फरन्स कॉल स्कॅनरवर पकडून टेप केला, तो पेपरात छापून आला आणि मोठा राजकीय राडा झाला. जोडप्याला दंड झाला.

त्यानंतर चॅनलचा अर्थच बदलला. ट्रंकिंगमध्ये (थोड्या फ्रिक्वेन्सी बऱ्याच गटांनी वाटून वापरायच्या, अशी पद्धत) एकच संभाषण क्षणोक्षणी वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर उड्या मारतं, त्यामुळे फ्रिक्वेन्सी साठवून फारसा उपयोग नाही, टॉकग्रुप, म्हणजे बोलणाऱ्या गटाचा नंबर, साठवायचा. 1997 च्या बेअरकॅटच्या बीसी235एक्सएलटी ने हा पाठलाग हातातल्या सेटवर आणला. आता पिनकोड टाकला की आसपासची सगळी यादी आपोआप भरणारे सेट आहेत, पण पलीकडे एन्क्रिप्शन असेल तर यादी कितीही भरलेली असो, कानावर काही येत नाही.