बावन्न मिनिटांचं घर

माझी भाची आणि तिचा नवरा सध्या घर शोधताहेत. मुलगी सहा वर्षांची, भाचीची नोकरी कोल्हापुरात, शाहूपुरीत. दोन जागा मनात भरल्यात. एक पेठ वडगावच्या अलीकडे, नव्या प्लॉटिंगमधलं रो हाऊस. पुढं अंगण, आत बाग, घसरगुंडी. दुसरी पाचगावात, आतल्या गल्लीतला टू बीएचके. पैसे जवळपास सारखेच. "मामा, वडगावहून अठरा किलोमीटर तर आहे. पुण्यात लोक याच्या दुप्पट अप-डाऊन करतात की," असं तिचं म्हणणं.

मी म्हटलं, किलोमीटर सोड, मिनिटं मोज. तिनं मोजलीही. आठवडाभर रोज सकाळी नऊला स्कूटरवरून त्या प्लॉटिंगच्या फाटकातून निघाली आणि शाहूपुरीत पोचल्यावर वहीत आकडा लिहिला. सोमवारपासून शनिवारपर्यंत ५२, ३३, ३१, ३४, ४८, ३०. सरासरी ३८. पण सहा दिवसांत ३८ मिनिटं एकदाही लागली नव्हती. सरासरीवर विसंबून निघाली तर आठवड्यातनं दोनदा उशिराचा शेरा बसणार. म्हणजे रोज निघायचं ते ५२ धरूनच. पाचगावचे आकडे १९ ते २४ च्या आत राहिले, म्हणजे तिथं धरायचे २४. एका फेरीला २८ मिनिटांचा फरक. जाऊन-येऊन, वर्षाचे कामाचे २५० दिवस धरले तर २३३ तास.

हे आकडे असे उड्या का मारतात? वडगावच्या रस्त्यावर सांगली फाटा, तावडे हॉटेल, कावळा नाका असे एकामागून एक अडथळे आहेत. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञानं १९०९ मध्ये फोनच्या गर्दीवर निबंध लिहिला, त्यातून रांगांचं गणित उभं राहिलं. त्यातलं अगदी साधं उदाहरण घ्या. एका गाडीला नाका ओलांडायला लागणारा वेळ म्हणजे १ माप. नाका क्षमतेच्या निम्मा भरलेला असेल तर सरासरी १ माप थांबावं लागतं. ८० टक्के भरला की ४, ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना १९. सिग्नलचा खरा नाका इतका सरळ वागत नाही, पण तऱ्हा हीच. भरत आलेल्या रस्त्यावर थोड्याच गाड्या वाढतात आणि रांग कितीतरी पटींनी लांबते. सोमवारी उसाची एक ट्रॉली बंद पडली होती, तेवढ्यानं ५२ झाले.

आणि माणसाला या रांगेची सवय होत नाही. घराची होते. नवी खोली, मोठी गॅलरी सहा महिन्यांत नजरेआड होते, कारण ती रोज तशीच असते. रस्ता रोज वेगळा छळतो आणि आपल्या हातात काहीच नसतं. स्वित्झर्लंडच्या फ्राय आणि स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती तपासली. त्यांचा निबंध २००८ चा. अर्थशास्त्र म्हणतं, लांबच्या प्रवासाची भरपाई चांगल्या घरातून किंवा पगारातून होत असणार, नाहीतर लोक तो करतीलच कशाला? प्रत्यक्षात ज्यांचा प्रवास लांबचा, ते आयुष्याबद्दल कमी समाधानी निघाले. भरपाई होतच नव्हती. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण घर बघायला आपण रविवारी दुपारी जातो, रस्ता मोकळा असताना.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट धरावी लागते, पंचगंगा. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बंद पडली. वडगावहून शहरात यायचं तर नदी ओलांडावीच लागते. पाचगाव नदीच्या अलीकडे, शहराच्याच बाजूला, वर चढावर आहे. पुरात आई एका काठाला आणि लेकरू दुसऱ्या काठाला, ही वेळ कुठल्याही वहीच्या सरासरीत दिसत नाही.

रो हाऊसच्या जाहिरातीत "हायवे टच" असं ठळक छापलंय. कॅलिफोर्नियात ३,६७७ मुलांची वयाच्या दहाव्या वर्षापासून आठ वर्षं तपासणी झाली. २००७ मध्ये निष्कर्ष आले. मोठ्या महामार्गापासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ, दीड किलोमीटरपलीकडं राहणाऱ्यांपेक्षा कमी भरली. तिथली वाहनांची संख्या आपल्यापेक्षा वेगळी, हे खरं. तरी त्या घसरगुंडीपासून महामार्ग २०० मीटरवर आहे, हे मी भाचीला पावलं टाकून दाखवलं.

मग राहिला मुलीच्या खेळण्याचा प्रश्न. त्यासाठी आम्ही पाचगावच्या गल्लीत संध्याकाळी साडेपाचला एका पायरीवर बसलो. अर्ध्या तासात नऊ दुचाक्या, एक रिक्षा, एक दुधाची गाडी. मधोमध विटा रचून लगोरी चाललेली. गाडी आली की पोरं ओरडायची, बाजूला व्हायची, पुन्हा विटा रचायची. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड या नगररचनाकारानं सॅन फ्रान्सिस्कोत एकसारख्या तीन रस्त्यांवरच्या लोकांना विचारलं होतं, या रस्त्यावर तुमचे मित्र किती? दिवसाला सुमारे २,००० गाड्यांच्या रस्त्यावर माणशी ३ मित्र निघाले, १६,००० गाड्यांच्या रस्त्यावर एकही पुरता नाही, ०.९. रहदारी वाढली तशी माणसं ओटा सोडून आतल्या खोल्यांत सरकली होती.

शेजारच्या आजींनी आम्हाला चहा दिला. भाचीनं त्यांना विचारलं, पाणी किती वाजता येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, शाळेची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबते की आत येते. उत्तरं त्याच वहीत लिहून घेतली. इसार अजून दिलेला नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि पाऊस लागला, की दोन्ही रस्त्यांवर सहा-सहा सकाळी ती पुन्हा मोजणार आहे.