समुपदेशनाच्या खोलीत देवधर्म: कोणाचा आणि कुठवर?

पहिल्या भेटीला आम्ही जो कागद भरून घेतो, त्यात एक ओळ अशी आहे: 'श्रद्धा, उपासना, घरातले रीतिरिवाज (सांगावंसं वाटलं तर).' ती वाचून काहीजण विचारतात, डिप्रेशनचा आणि याचा काय संबंध? काहीजण उलट आशेने विचारतात, म्हणजे तुम्ही एखादं स्तोत्रही सांगता का? हे माहितीपत्रक दोघांसाठी.

स्तोत्र सांगत नाही. तुमची श्रद्धा तुमच्याबरोबर आत येते, समुपदेशकाची चपलांबरोबर बाहेर राहते. त्याची अश्रद्धासुद्धा. 'देवबिव सगळे मनाचे खेळ, आधी ते सोडा' म्हणणारा आणि 'गुरुवार धरा, झोप आपोआप लागेल' म्हणणारा, दोघेही तुम्ही न विचारता आपलं मत तुमच्या गळ्यात मारतात. शेजारच्या काकूंनी व्रत सुचवलं तर आपण हो हो म्हणून सोडून देतो. पण ज्याच्यासमोर बसून रडलो, त्याचं बोलणं इतकं सहज सोडून देता येत नाही.

आम्ही वापरतो त्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीचे (आरईबीटी, म्हणजे त्रास देणारे हट्टी विचार तपासून बदलण्याची रीत) जनक अल्बर्ट एलिस स्वतः पक्के निरीश्वरवादी होते. सुरुवातीला त्यांनी धार्मिकतेवर कडाडून टीका केली. पुढे त्यांचा सूर बदलला. अडचण श्रद्धेची नाही, 'असं झालंच पाहिजे, नाही तर मी पापी' या हट्टाची आहे, अशा भूमिकेपर्यंत ते आले. धार्मिक लोकांसोबत ही पद्धत कशी वापरावी, यावर 2001 मध्ये आलेल्या पुस्तकाचे ते सहलेखक होते.

मग विचारतो कशाला?

कारण कधी कधी आजार धर्माचे कपडे घालून येतो. समजा, एका घरात सोवळं आहे. सासूबाई आंघोळ करून पूजेला बसतात आणि अर्ध्या तासात उठतात. सूनबाई देवघराच्या उंबऱ्यावरून परत फिरते, कारण ओल्या केसांचा थेंब पायपुसण्यावर पडल्यासारखा वाटला. पुन्हा आंघोळ. आरतीच्या मध्येच मनात शिवी आली म्हणून पूजा पुन्हा पहिल्यापासून. दुपारचे दोन वाजतात, पोरं उपाशी. नियम दोघींना एकच आहे. सुनेला मंत्रचळ, म्हणजे ओसीडी आहे. वजू (नमाजाआधीचं हातपाय-तोंड धुणं) झाली की नाही या शंकेने नळ सोडवत नाही त्या मुलाचंही हेच, आणि कन्फेशन करून आल्यावर तेच पाप पुन्हा सांगायला धावणाऱ्याचंही.

यावरच्या उपचारात भीती वाटते त्या गोष्टीला थोडंथोडं सामोरं जायचं असतं आणि पुन्हा धुण्याची, पुन्हा म्हणण्याची ओढ थोपवायची असते. पण त्या सुनेच्या दिवसात धर्माने सांगितलेलं किती आणि भीतीने वाढवलेलं किती, हे ठरवणारे आम्ही कोण? तुमची परवानगी असेल तर तुमच्या विश्वासातले गुरुजी, मौलाना किंवा फादर यांना आम्ही विचारतो. तेही एकदाच. रोज फोन करून 'एवढं चालेल ना?' अशी खात्री करून घेणं हा त्या आजाराचाच भाग होऊन बसतो.

अंगात येण्याबद्दलही लोक बिचकत विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या आजारांच्या यादीत (आयसीडी-11) स्पष्ट भेद केला आहे: समाजाच्या मान्य प्रथेत, जत्रेत किंवा जागरणात येणारं अंग हा आजार धरत नाहीत. ते मनाविरुद्ध, त्या प्रथेबाहेर येत असेल आणि माणूस त्याने हैराण होत असेल, तर मात्र तपासावं लागतं.

उपवास आणि गोळ्या

हे जरा नीट वाचा. बायपोलरसाठी (कधी टोकाचा उत्साह, कधी खोल उदासी असा आजार) लिथियमची गोळी चालू असेल तर निर्जळी उपवास, रोजा किंवा मीठ बंद करून केलेलं अळणी व्रत धोक्याचं ठरू शकतं. शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातलं प्रमाण चढतं. हात जास्त थरथरणं, उलट्या, जुलाब, झोकांड्या जाणं अशी लक्षणं दिसली तर वाट पाहत बसायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचा. म्हणून श्रावण किंवा रमजान लागण्याआधीच मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून ठेवा. 'उपवास सोडा' हे समुपदेशकाने सांगायचं नाही आणि 'देवावर भार टाका, गोळ्या बंद करा' हे तर कोणीच नाही. गोळी कमीजास्त करणं हे डॉक्टरांचंच काम.

कायदा काय म्हणतो

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा. 29 मे 2018 पासून लागू आहे. केवळ समाजात रूढ असलेल्या नैतिक मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी जुळत नाही, एवढ्यावरून कोणाला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. उपचारात धर्मावरून किंवा लैंगिक कलावरून भेदभाव करता येत नाही. साखळीने बांधणंही निषिद्ध आहे. 2001 मध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानात आग लागली आणि साखळदंडांत अडकलेली 28 माणसं गेली, ते अनेकांना आठवत असेल.

समलैंगिक मुलाला 'धर्माच्या मार्गावर आणून' बदलवून देतो असं कोणी म्हणालं, तर तिथून उठा. अशा तथाकथित उपचाराला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. वारी, कीर्तन, पूजा यांना त्या कायद्याने हात लावलेला नाही, हेही सांगायला हवं, कारण गैरसमज फार आहे.

खटकलं तर

आधी तिथेच विचारा: 'हे तुमचं मत की उपचाराचा भाग?' चांगला समुपदेशक या प्रश्नावर रागावत नाही. पत्रिका मागितली, अमुक महाराजांकडे पाठवलं, तुमचं घटस्फोटाचं बोलणं 'स्त्रीधर्म' काढून मिटवलं, तर विचारायचीही गरज नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते आणि मानसोपचारतज्ज्ञांची वैद्यक परिषदेकडे. नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच कसला? नुसती 'समुपदेशक' अशी पाटी असेल तर शिक्षण कुठे, किती, हे विचाराच.

कोणाला आपल्याच धर्माचा समुपदेशक हवा असतो, कोणाला मुद्दाम वेगळ्या धर्माचा, म्हणजे बोललेलं नात्यागोत्यात फिरणार नाही. दोन्ही मागण्या आम्ही ऐकतो, जमेल तेव्हा जुळवतो आणि जमत नसेल तर बाहेरचं नाव देतो. आमच्याच माणसाबद्दल तक्रार असेल तर ती त्याच्याकडे न देता रिसेप्शनवर बंद पाकिटात द्या. समुपदेशक बदलून मागायला कारण लिहावं लागत नाही आणि आगाऊ भरलेले पैसे नव्या समुपदेशकाच्या सेशनना वळते होतात. रात्री-अपरात्री मन फारच खालावलं तर आमची वाट पाहू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.