चाचणीतला आकडा आणि मांडवातला उजेड

परभणी-हिंगोलीकडे लग्नसराईच्या तोंडावर कुणी नवा कॅमेरा घ्यायला निघालं की पहिला प्रश्न येतो, ‘त्याचा स्कोर किती?’, म्हणजे चाचणी करणाऱ्या लॅबने त्याला किती गुण दिलेत. रोलच्या काळात असं कुणी विचारत नसे. तेव्हा लॅब म्हणजे रोल धुवायला जायचा ती कलर लॅब. कॅमेरा मोजणारी लॅब आपल्याकडे उशिरा ठाऊक झाली, पण मोजण्याची धडपड फार जुनी आहे.

इंग्लंडमध्ये रसायनांच्या कारखान्यात काम करणारे फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड हे दोघे हौशी फोटोग्राफर. प्लेटवर किती उजेड पडला की ती किती काळी होते, हे मोजून त्यांनी १८९० साली त्याचा आलेख मांडला. अंदाजाने एक्स्पोजर देऊन प्लेटा वाया जात, ते त्यांना थांबवायचं होतं. फिल्मचा ‘स्पीड’, म्हणजे ती उजेड किती पटकन टिपते, हे आकड्यात सांगण्याची वाट तिथून निघाली. १९७४ मध्ये स्पीडची अमेरिकन एएसए आणि जर्मन डीआयएन ही दोन मापं एकत्र येऊन आयएसओ झालं; डिजिटल कॅमेऱ्यातही कमी उजेडात वाढवतो तो आकडा हाच. लेन्सचा बारकावा तपासायचा आडव्या-उभ्या रेघांचा तक्ता मात्र १९५१ चा, अमेरिकी हवाई दलाचा. म्हणजे प्रत्येक मोजमापामागे कुणाची तरी नेमकी गरज होती.

सगळ्याचा मिळून एकच आकडा द्यायची पद्धत रुळली ती २००८ नंतर, कॅमेरे तपासणाऱ्या फ्रान्सच्या डीएक्सओमार्कमुळे. सेन्सरची रंगखोली (रंगांच्या किती छटा टिपतो), डायनॅमिक रेंज (गडद सावली आणि लख्ख उजेड एकाच फोटोत किती पेलतो) आणि कमी उजेडातली ताकद मोजून ते गुण देतात. मोजतात रॉ फाइलवर, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीवर, आणि आपल्याकडे कितीतरी स्टुडिओ आजही लग्न कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेल्या जेपीईजीवर काढतात! त्यांच्याच हिशेबाने पाच गुणांचा फरक म्हणजे जेमतेम एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

२०१२ सालचं उदाहरण घ्या. निकॉन डी८०० ला ९५ गुण, कॅनन ५डी मार्क ३ ला ८१. ऐकायला केवढी दरी! पण आत डोकावलं की कळतं, मोठा फरक डायनॅमिक रेंजचा आहे : १४.४ विरुद्ध ११.७ स्टॉप, आणि तोही सगळ्यात कमी आयएसओला. कमी उजेडाच्या चाचणीत दोघांत अंतर साधारण एक तृतीयांश स्टॉपचंच. गोरज मुहूर्ताला आयएसओ ३२०० वर नेऊन अंतरपाट धरलेला असताना ती मोठी दरी उरतच नाही.

दुपारी साडेबाराच्या लग्नात मात्र डायनॅमिक रेंज खरोखर कामाला येते. मांडवाच्या कडेला नवरी उभी, मागे एप्रिलचं पांढरं फटक ऊन. चेहरा धरावा तर मागचं सगळं जळतं, मागचं वाचवावं तर चेहरा काळवंडतो. अशा वेळी रॉमध्ये काढलेल्या फोटोत सावली उचलता येते, आणि ती किती उचलता येईल याचा अंदाज आकड्यावरून येतो. म्हणून चाचण्या बिनकामाच्या आहेत असं मी म्हणणार नाही. पण त्याच मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडातून गळणारा उजेड नवरीच्या गालावर केशरी झाक टाकतो, हळदीत तर ती आणखी चढते. ही झाक किती येणार हे कुठल्याच स्कोरमध्ये नसतं. पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स हातानेच लावावा लागतो.

मेगापिक्सेलचंही तेच. ४×६ इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) सव्वादोन मेगापिक्सेलही लागत नाहीत. करिझ्मा अल्बमचं १२×१८ चं अख्खं पान एकाच फोटोने भरायचं तर साडेएकोणीस. त्यापुढचे मेगापिक्सेल कापाकापीला उपयोगी, आणि हार्ड डिस्क भरायला.

अजिंठ्याच्या लेण्यांची चित्रं उतरवायला ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल १८४४ साली आला, पुढे त्याने तिथे कॅमेराही लावला. तिथल्या अंधारात आजही फ्लॅशला मनाई आहे. कॅमेऱ्याची खरी कसोटी अशाच अंधारात लागते. म्हणून मी कॅमेरा घेण्याआधी दुकानदाराकडून तो एक दिवस मागून घेतो, आमच्या गल्लीतल्या देवळाच्या गाभाऱ्यात समईच्या उजेडात दहा फोटो काढतो, आणि त्यातले दोन १२×१८ वर छापून बघतो.